घाबरू नका म्हणता, मग करू काय?

राजेहो, पोस्ट लांब झाली आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा, कारण विषय तुमच्या-माझ्या डोक्यावरच्या स्लॅबचा आहे.

30 सप्टेंबर 2024, सोमवार, दुपारचे 1 वाजून 37 मिनिटं. मी परतवाड्यात एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजून घेत होतो. वरची टिनं वाजली, काटा हलला, आणि दुकानदार आतल्या पोरावर ओरडला, "काय पाळलं बे पोट्ट्या?" पोरगं बाहेर येऊन म्हणे, "मी कुठं काय केलं?" तोवर शेजारचा पानवाला, समोरचा कटिंगवाला, सगळे रस्त्यावर आले होते. चिखलदरा, काटकुंभ, चुरणी, पाचडोंगरी, अचलपूर, जिकडून तिकडून फोन सुरू: तुमच्याकडे हललं का? मागाहून आकडा कळला, 4.2 तीव्रता.

संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर तीन प्रकारचे मेसेज येऊन पडले. पहिला विनोदाचा: अमुक नेत्यानं भाषण ठोकलं म्हणून जमीन हादरली वगैरे. दुसरा भीतीचा: आज रात्री मोठा झटका येणार, नासानं सांगितलं, दहा जणांना पाठवा. तिसरा नेहमीचा, छापील: नुकसान नाही, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये.

या तिन्हीत माझ्या घराच्या भिंतीबद्दल एक ओळ नव्हती. माझं भांडण तिथून सुरू होतं.

तारीख पुन्हा वाचा. 30 सप्टेंबर. याच तारखेला 1993 साली किल्लारी झालं. गणपती विसर्जनाची रात्र उलटली होती, दमलेले लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या आत, 3 वाजून 56 मिनिटांनी, लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं मातीत गेली. माणसं किती गेली याचे आकडे 8 हजारांपासून 10 हजारांपर्यंत सांगतात. आपल्याला धक्का बसला तो बरोबर त्याच तारखेला, 31 वर्षांनी. योगायोग आहे, त्यात ज्योतिष शोधू नका. पण त्या दिवशी आलेल्या शेकडो फॉरवर्डात किल्लारीचं नाव मला दोनदा दिसलं, आणि दोन्ही वेळा ते भीती घालायलाच वापरलं होतं.

आता आपल्याकडचं लाडकं वाक्य घेऊ. "आपल्याकडे भूकंप-गिकंप होत नाही, आपला दगड मजबूत आहे." अमरावतीत गाडगेनगरात ऐकलं, अकोल्यात टिळक रोडवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. म्हणणारा मोठ्या विश्वासानं म्हणतो, आणि वरून "काळा पाषाण हाय भाऊ" असं ठोकून देतो.

हेच किल्लारीबद्दलही म्हणत होते. तोच काळा दगड, तेच दख्खनचं पठार. देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा भाग त्या वेळी झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात होता. 1993 नंतर नकाशाला अक्कल आली, आणि 2002 मध्ये झोन एक हा प्रकारच काढून टाकला. आजच्या हिशेबात संपूर्ण भारतात भूकंपाचा धोकाच नाही असा इंचभर तुकडा नाही. आपला वऱ्हाड कमी ते मध्यम धोक्याच्या रंगात येतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे आपल्याला पावसाच्या बाबतीत बरोबर समजतं.

आणि आपल्या उशाशी आहे सातपुडा. नर्मदा, शोण, तापी या नद्या ज्या सरळसोट रेषेत वाहतात तो पृथ्वीच्या कवचातला जुना कमकुवत पट्टा आहे. गाविलगड किल्ला सगळ्यांनी पाहिला असेल, फोटोही काढले असतील. त्या डोंगराचा दक्षिणेकडचा कडा मैदानात जिथं एकदम उतरतो, तिथून गाविलगडचा भूभ्रंश जातो. भूगर्भशास्त्राच्या नकाशात त्याचं नावच तसं आहे. या लांबलचक पट्ट्यात 14 मार्च 1938 ला सातपुड्यात 6 च्या वरचा भूकंप झाला. 22 मे 1997 च्या मध्यरात्रीनंतर जबलपूर हललं, तीव्रता 6 च्या आसपास, तिसाच्या वर माणसं गेली. नागपूरकरांतले जुने लोक ती रात्र अजून सांगतात.

लगेच "भौ, म्हणजे येणार का मोठा?" असं कमेंटमध्ये विचारू नका. कधी, कुठं, केवढा, हे आज जगात कोणी सांगू शकत नाही. नासा नाही, जपान नाही, आणि तुमच्या ग्रुपवरचा तो ज्योतिषी तर नाहीच. 4.2 आणि 6.2 यात दोनच आकड्यांचा फरक दिसतो, पण बाहेर पडणारी शक्ती हजार पटींची असते. लहान धक्का बसला म्हणून मोठा येईलच असं नसतं, येणारच नाही असंही नसतं. इतकंच प्रामाणिक उत्तर आहे. ते कोणाला आवडत नाही, म्हणून एक बाजू अफवा विकते आणि दुसरी दिलासा वाटते.

मेळघाटातल्या लोकांना आपण कसं वागवतो ते बघा. ऑगस्ट 2018 मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. लोक पावसापाण्याचे रात्री घराबाहेर झोपले. शास्त्रज्ञांची पथकं आली, यंत्रं लावली. इकडे शहरात आमच्या चहाच्या टपरीवर काय चर्चा? "अडाणी लोक हायत, भुताखेताले भेतात." अरे बाबा, आवाज खरा असतो. कमी खोलीवर लहान धक्का बसला की त्याच्या लाटा हवेत उतरतात आणि कानाला स्फोटासारख्या ऐकू येतात. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला विचारा, ते कित्येक वर्षं हे आवाज ऐकत आहेत. त्याच हिंगोलीत 2024 च्या 21 मार्चला आणि 10 जुलैला 4.5 चे धक्के बसले, तेव्हा मराठवाड्यासोबत आपल्या वाशीमकडचेही लोक घराबाहेर आले. तेव्हा कोणी त्यांना अडाणी म्हटलं नाही. पक्क्या घरातला माणूस पळाला तर सावध, कोरकू माणूस अंगणात झोपला तर भित्रा. हा कुठला न्याय?

प्रत्येक मुलखाची भीती वेगळी असते, आणि ती त्या मुलखानं कमावलेली असते. कोयनेच्या खोऱ्यात 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पाहिलेली पिढी अजून आहे. तिथं त्यानंतर इतके धक्के बसले की लहान धक्क्याला माणूस हातातला कपही खाली ठेवत नाही. भीती गेली असं नाही, तिची सवय झाली. तिकडे यंत्रं आहेत, नोंदी आहेत, कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची खोल भोकं पाडून अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. किल्लारीकडे उलटं. तिथं ज्यांनी दगडाच्या भिंतीखालून आपली माणसं काढली ते पुन्हा दगडी घरात झोपायला तयार नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले पण दगड नको म्हणाले. पालघरला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची माळ लागली, लोक थंडीत तंबूत झोपले. 1 फेब्रुवारी 2019 ला एक दोन वर्षांची पोर घाबरून पळताना पडली आणि गेली. घर पडलं नव्हतं. धक्का बसला तर काय करायचं, हे त्या पाड्यावर कोणी आधी शिकवलं नव्हतं.

आणि आपण वऱ्हाडी? आपल्याला ना सवय, ना आठवण, ना शिकवण. आपल्याकडे फक्त फॉरवर्ड.

म्हणून "घाबरून जाऊ नका" या सरकारी वाक्याचा मला राग येतो. ते खोटं आहे म्हणून नाही, अर्धवट आहे म्हणून. किल्लारीत 1992 मध्येच, ऑगस्ट ते ऑक्टोबर, धक्के बसत होते. लोक घाबरले, बाहेर झोपले. मग धक्के थांबले, धीर दिला गेला, लोक घरात परतले. त्या मधल्या वर्षभरात कोणी भूकंप थांबवू शकलं नसतं. पण ती दोन-अडीच फूट जाड भिंत, मातीत रचलेले गोटे, आणि डोक्यावर दरसाल पावसाळ्याआधी मातीचा थर टाकून टाकून वजनदार झालेलं माळवद, याबद्दल कोणी बोलू शकलं असतं. 6.2 चा भूकंप जगात दरवर्षी कित्येक ठिकाणी होतो, आणि बऱ्याच ठिकाणी कपाटातली भांडी पडून विषय संपतो. इथं आठ-दहा हजार गेले ते छताखाली.

तिकडचं माळवद म्हणजे आपल्याकडचं धाबं. अकोट, बाळापूर, अंजनगाव, दर्यापूर, कुठल्याही जुन्या पेठेत जा. खाली दगड, वर मातीची भिंत, सागाच्या मयाली आणि वर धाबं. उन्हाळ्यात काय थंडगार लागतं! माझ्या आजीचं घर तसंच होतं, आणि मला ते फार आवडायचं. पण त्या छतात किती टन माती होती याचा हिशेब आता करतो तेव्हा घाम येतो.

आता कोरकूचं जुनं घर बघा. लाकडाचे खांब, कुडाच्या भिंती, वरून शेणामातीचा लेप, कौलाचं छप्पर. हलकं आणि लवचीक. हललं तर डुलेल, लेप झडेल, दोन-चार कौलं घसरतील. आपण त्याला "कच्चं" म्हणतो, आणि त्या जागी "पक्कं" घरकुल देतो. द्यायलाच पाहिजे, गळक्या घरात कोणी राहू नये. पण पंतप्रधान आवास योजनेचं मूळ अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. त्यात विटा, सिमेंट, लोखंड, चिखलदऱ्याच्या घाटातून वर न्यायचं भाडं, मिस्त्रीची मजुरी. काटकसर कुठं होते? लोखंडात. लिंटेल फक्त दार-खिडकीवर, चारही भिंतींना बांधून घेणारा पट्टा नाहीच. म्हणजे जे घर डुललं असतं ते काढून आपण त्या माणसाला चार सुट्या भिंती दिल्या, वर स्लॅब ठेवला, आणि पाटी लावली: पक्कं घर.

तो पट्टा म्हणजे काय भानगड? काही रॉकेटविद्या नाही. जोत्यावर, लिंटेलच्या पातळीला आणि छताखाली, सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारी तीन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी, आत दोन सळया, आणि कोपऱ्यांत उभी सळई. टोपलीला कामटीचा पट्टा असतो तसा. भिंती एकमेकींना सोडत नाहीत, मग छत खाली येत नाही. भारतीय मानक ब्युरोनं दगड-माती-विटांच्या साध्या घरांसाठी वेगळं मानक काढलं, क्रमांक 13828, सालही 1993 च. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं 52 गावं नव्या जागी वसवली, लाखाच्या वर घरं दुरुस्त केली, हजारो मिस्त्र्यांनी हे शिकून घेतलं. तीच विद्या लातूरहून अकोल्याला यायला तीस वर्षं कमी पडली का? रस्त्यानं तर सहा-सात तास लागतात.

मैदानाच्या गोष्टी अजून वेगळ्या. आपल्याकडे भिंतीला भेग पडली की आपण काळ्या मातीला शिव्या देतो, आणि बरोबरच देतो. रेगड माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घराला वर्षातून दोनदा पिळून काढते. त्यामुळे आधीच भेगाळलेलं घर इथं नवलाचं नाही. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, ही भेग जुनी आहे. असेल ना जुनी! जुनी भेग म्हणजे भिंत आधीच सुटलेली आहे, पुढच्या धक्क्याला तिथूनच उघडणार. "नुकसान नाही" या शब्दांत ही भेग कुठं बसते?

आणि खारपाणपट्टा. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या लोकांना सांगायला नको. पिण्याचं गोडं पाणी टँकरनं आणायचं आणि बांधकामाला बोअरचं खारं वापरायचं, हे सर्रास चालतं. खाऱ्या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमध्ये सळई आतून गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला फोडते, पाच-दहा वर्षांत स्लॅबचे पापुद्रे खाली पडायला लागतात. लोखंडाच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर नको, असं मानक सांगतं. आपल्या तालुक्यात कोणी घरकुलाआधी पाणी तपासल्याचं ऐकलंय? मी तरी नाही. त्यात भर म्हणजे या पट्ट्याखाली पूर्णेनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे, शेकडो फूट जाड. कडक खडकापेक्षा असा गाळ जास्त हलतो, थाळीतल्या खिरीसारखा.

हे पुस्तकी वाटत असेल तर अहमदाबाद आठवा. 26 जानेवारी 2001, भूज. अहमदाबाद तिथून दोनशेच्या वर किलोमीटर लांब, साबरमतीच्या गाळावर बसलेलं. तिथं सातशेच्या वर माणसं गेली. झोपड्या कमी पडल्या. पडल्या त्या नव्या, चकचकीत, खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले अशा फ्लॅटच्या इमारती. खाली भिंत नाही, नुसते कॉलम, वर सगळं वजन. आता अमरावतीत रुक्मिणीनगरातून, अकोल्यात गोरक्षण रोडवरून एक चक्कर मारा आणि अशा इमारती मोजा. त्या सगळ्या कच्च्या आहेत असं मी म्हणत नाही. नीट डिझाइन केली तर तशी इमारतही टिकते. पण माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या माणसानं फ्लॅट घेतला त्यानं टाइल्स कोणत्या, लिफ्ट कोणत्या कंपनीची, मास्टर बेडरूम कोणत्या दिशेला हे विचारलं. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण आणि त्यानं भूकंपाचा हिशेब धरला का, हे एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. वास्तुशास्त्रवाल्याला मात्र दक्षिणा दिली.

आता नेहमीचा आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. "कपाशीला भाव नाही, सोयाबीन मातीमोल, पोरांना नोकरी नाही, अन् तुम्ही भूकंप घेऊन बसले?" बरोबर आहे राजेहो. ज्या मुलखात माणूस कर्जापायी गळफास घेतो तिथं शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या धक्क्याची चर्चा चैनीची वाटते. पण शेतकरी माणूस जन्मात घर एकदाच बांधतो. पोरीचं लग्न पुढं ढकलून, वावराचा तुकडा विकून बांधतो. ते घर त्याची सगळ्यात मोठी ठेव असते. पट्ट्याचा खर्च बांधताना थोडा आहे, काही पोती सिमेंट आणि थोडं लोखंड. घर उभं राहिल्यावर तेच काम करायला भिंती फोडाव्या लागतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून ही गोष्ट गरिबाला आधी सांगायची असते. श्रीमंताकडे दुसरं घर असतं.

त्यामुळे पुढच्या वेळी प्रशासनानं "घाबरू नका" म्हटलं तर पुढच्या ओळी मागा. घरकुलाच्या अंदाजपत्रकात पट्ट्याचं लोखंड आहे का? हप्ता सोडण्याआधी लिंटेलचा फोटो बघता, त्यात पट्टा सलग आहे का हे बघता का? मेळघाटातल्या आश्रमशाळांच्या आणि जिल्हा परिषद शाळांच्या इमारती कोणी या नजरेनं तपासल्या का? साद्राबाडीला लावलेल्या यंत्रानं काय टिपलं, ते कोरकूत आणि मराठीत गावाला वाचून दाखवलं का? जपानात 1923 च्या भूकंपाच्या आठवणीत दर 1 सप्टेंबरला सराव होतो, पोरं बाकाखाली शिरतात, डोकं झाकतात. आपल्या शाळांत 30 सप्टेंबरला एक तास तसा सराव घ्यायला कुठला निधी लागतो? एक शिट्टी लागते.

आमदार-खासदारांना टॅग करा म्हणाल, तर करा. पण त्याआधी आपल्या मिस्त्रीला गाठा.

मी गाठला. गेल्या महिन्यात मावसभावाच्या घराचे कॉलम सुरू होते. मिस्त्री रिंगा वाकवत होता, टोकं काटकोनात. मी म्हटलं, "काका, टोक अजून आत वळवा, 135 अंशात, काँक्रीटच्या पोटात गेलं पाहिजे. जमीन हलली की ही काटकोनातली रिंग उघडते आणि कॉलमच्या सळया बाहेर येतात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ऐकवणार, तीस वर्षं काम करून राह्यलो, तू मले शिकवतं का. तो म्हणाला, "मले मालूम हाय. पुन्याले कंपनीच्या कामावर होतो तवा तशीच करत होतो. इथं कोनी इचारतच नाई भाऊ."

मग त्यानं तीच रिंग पुन्हा लोखंडी पाटीवर धरली आणि पान्यानं टोक आत दाबलं. वेळ लागला दहा सेकंद. भाऊ म्हणाला, सगळ्याच तशा करा. दिवसभरात एक मजुरी वाढली.